आमच्या बॉयलरचा रूट कॉज

मी युरॉलॉजीत आहे. म्हणजे आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका सरकारी हॉस्पिटलात दिवसभर लोकांच्या लघवीच्या तक्रारी बघते. नवऱ्याला हे चारचौघांत सांगायला आवडत नाही. तो "ती सर्जरीत आहे" म्हणतो. तो स्वतः रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशन इंजिनियर आहे, म्हणजे यंत्रं ठरल्याप्रमाणे चालतात ना ते तपासतो, आणि हे मात्र तो कुणी न विचारता सांगतो. त्यांच्याकडे साधा व्हॉल्व्ह बदलायचा तर आधी अर्ज, मग मीटिंग, मग सह्या. बिघाडाचा 'रूट कॉज', म्हणजे मूळ कारण, सापडल्याशिवाय तिथे कुणी घरी जात नाही म्हणे. घर आणि नळाचं पाणी तापवणारा आमचा बॉयलर बंद पडला त्या शनिवारी हे शास्त्र मला घरबसल्या बघायला मिळालं.

कडाक्याची थंडी होती. मागचं गवत पांढरंफटक झालेलं. सकाळी उठले तर सगळे रेडिएटर गार आणि नळाला बर्फासारखं पाणी. आमचा बॉयलर स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कपाटात आहे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि आमची मुलगी आता दुसरा शब्द चालवूनच घेत नाही. मी प्रेस उघडून बघत उभी राहिले. आतला पंखा फिरायचा, टिक टिक टिक करत ठिणगी पडायची, निळी ज्योत धरायची, आणि मग कुणीतरी गुळण्या केल्यासारखा आवाज येऊन सगळं विझायचं. वर लाल दिवा.

नागपूरहून महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून टेबलाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "माह्या पोराले उठव. तो करते बरोबर."

त्यांचं पोर खाली आलं. अंगात कंपनीचं नाव छापलेलं जॅकेट. त्याने रीसेटचं बटण दाबलं. टिक टिक, ज्योत, गुळण्या, लाल दिवा. त्याने परत दाबलं. मग जरा जोर लावून दाबलं.

"गॅसवाल्याला फोन कर," मी म्हटलं.

त्याने केला. गॅसवाला म्हणाला, थंडीमुळे अर्ध्या गावाचे बॉयलर बसलेत, बुधवारी येतो. नवऱ्याला हा उशीर म्हणजे देशाचा अपमान वाटला. मला नाही वाटला. आमच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत माणसं नुसती कळ सोसत बसतात. बुधवार म्हणजे चैन होती.

"ठीक आहे," तो म्हणाला, "आपण सिस्टिमॅटिकली जाऊ."

त्याने पिवळे चिकट कागद आणले आणि फ्रिजच्या दारावर रांगेने लावले. एकावर मशीन, एकावर मटेरियल, एकावर हवामान, एकावर माणूस. प्रत्येकाखाली संशयित लिहायचे. 'माणूस'खाली त्याने लिहिलं : मुलगी, थर्मोस्टॅटशी खेळते. थोडा विचार करून पुढे लिहिलं : बायको, शॉवर फार वेळ. आईचं नाव त्यात येणं शक्यच नव्हतं, आणि घरातला चौथा माणूस त्याला सुचला नाही. मुलगी पांघरूण गुंडाळून जिन्यात बसली होती. "डॅड, इट्स सो वॉर्म इन माय फ्रेंड्स हाऊस. कॅन आय जस्ट गो?" तिला मी जाऊ दिलं. घरात तेवढंच एक शहाणं माणूस होतं.

मग त्याचा मित्र आला. हा कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत इंजिनियर. कपाळाला खाणकामगारासारखा दिवा बांधूनच गाडीतून उतरला. सासूबाईंनी त्याला कोथिंबिरीचं सारण भरलेली पुडाची वडी दिली. ती संपवून त्याने मुद्द्याला हात घातला.

"काल चालत होता ना? मग काल ते आज काय चेंज झालं?"

"काही नाही," नवरा म्हणाला. "नथिंग. अ‍ॅब्सोल्यूटली नथिंग."

"शुअर?"

"अरे, मी व्हॅलिडेशनमध्ये आहे."

यावर मित्राने दुसरी वडी घेतली. एवढ्यात फोनवर इथल्या मराठी मंडळाचा ग्रुप जागा झाला होता. एकाचं म्हणणं गॅसचं प्रेशर कमी असणार. एकाला पाइपात हवा अडकल्याची खात्री होती. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या एकाने कळवलं की त्याच्या नव्या घरात हीट पंप आहे, त्यामुळे त्याला हा प्रश्नच येत नाही, आणि सोबत त्या पंपाचा फोटो टाकला. त्या फोटोला अठ्ठावीस अंगठे मिळाले. आमच्या बॉयलरला एकही नाही.

मी केटलीतलं गरम पाणी घालून भांडी घासत होते. पाठीमागे पुन्हा टिक टिक, पुन्हा गुळण्या. हात थांबले माझे.

"याच्या आत पाणी असतं का? रेडिएटरचं सोडून?"

"कंडेन्सिंग बॉयलर आहे," नवरा पाठमोराच म्हणाला. "धूर गार होताना त्यातलं पाणी सुटतं. नॉर्मल आहे ते."

"आणि ते जातं कुठे?"

"बाहेर जातं. ते आत्ता इम्पॉर्टंट नाहीये."

"बाहेर म्हणजे कुठून?"

"अगं, तू जरा चहा टाकतेस का?"

मी चहा टाकला नाही. पायात चपला सरकवून मागच्या अंगणात गेले. बॉयलरच्याच रेषेत भिंतीतून एक पांढरा प्लॅस्टिकचा पाइप खाली आलेला होता. आधी वाटलं गोठला असेल. वाकून बघितलं तर त्याच्या तोंडात पांढरं, गुळगुळीत, नुकतंच सुकलेलं काहीतरी गच्च भरलेलं. कडा बोटाने छान फिरवून घेतलेल्या. काम मन लावून केलं होतं.

मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, मागून दिव्यासकट मित्र.

"हे काय आहे?"

तो बघत राहिला. "सिलिकॉन."

"कुणी लावलं?"

"पाणी ठिबकत होतं ना त्यातून," तो हळू आवाजात म्हणाला. "नव्या फरशीवर बर्फ धरत होता. काल आई घसरता घसरता वाचली."

"कधी लावलंस?"

"काल दुपारी."

मित्र आकाशाकडे बघायला लागला. त्याच्या कपाळावरचा दिवा भर सकाळी शेजाऱ्यांच्या चिमणीवर पडला.

मला भयंकर हसू येत होतं आणि तितकाच रागही. आईच्या काळजीपोटी केलं, हे खरंच होतं. त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती. मी भाजीची सुरी आणली आणि कडेकडेने सिलिकॉन कोरून काढलं. बूच निघालं तसं मळकट पाणी फसकन माझ्या चपलांवर आलं आणि बराच वेळ वाहत राहिलं. हे दृश्य मी वॉर्डात कितीदा तरी पाहिलंय. फरक इतकाच की तिथे पेशंट आभार मानतो.

आत येऊन रीसेट दाबलं. टिक टिक, ज्योत, आणि ज्योत टिकली. थोड्या वेळात रेडिएटर कोमट झाले. सासूबाईंनी कानटोपी काढली आणि म्हणाल्या, "म्या म्हणलं नव्हतं? केलं ना त्यानं बरोबर!"

मंडळाच्या ग्रुपवर नवऱ्याने लिहिलं : 'रूट कॉज : ड्रेन पाइपमध्ये अडथळा आढळून आला. अडथळा दूर करण्यात आला.' आढळला कुणाला, दूर केला कुणी, आणि मुळात घातला कुणी, याबद्दल वाक्यात जागा नव्हती. तीसेक अंगठे आले. एकाने 'ग्रेट वर्क, सर' लिहिलं.

गॅसवाला ठरल्याप्रमाणे बुधवारी आला. आलाच आहे तर सर्व्हिसिंग करून जा म्हटलं. त्याने पाइप तपासला, आतल्या बाजूला राहिलेला सिलिकॉनचा तुकडा नखाने काढला आणि विचारलं, हे कुणाचं काम?

नवरा एक क्षणही अडखळला नाही. "आधीच्या मालकाचं."

"त्या आजींचं?" गॅसवाला म्हणाला. "त्यांच्या वेळेपासून हा बॉयलर मीच बघतोय. नव्वदीच्या होत्या त्या. वॉकर घेऊन चालायच्या." त्याने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तुकडा खिडकीत ठेवून हात पुसले.

सासूबाईंना त्याच्या इंग्रजीतलं 'ओल्ड लेडी' तेवढंच कळलं होतं. "काय म्हणून राह्यला तो?"

"तो म्हणतोय, ज्याने कुणी हे केलं त्याला बॉयलरमधलं काही कळत नव्हतं."

"मंग," सासूबाई म्हणाल्या, "त्या बुढीले काय समजणार बिचारीले?" आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.