डिझेलवर गूळ

माझ्या नवऱ्याच्या तोंडात गुळाचा खडा तसाच होता आणि ओठ निळे पडले होते. जीपच्या मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास घेताना छातीत घरघर वाजत होती. त्यांची जीप चालवत होता तांड्यावरचा एक ट्रॅक्टरवाला. सकाळपर्यंत आम्ही त्याला ओळखतही नव्हतो. तो सारखा मागे वळून विचारायचा, "काकू, काका बोलून राहिले का?"

"तू पुढं बघ," मी म्हणायचे.

ते बोलत नव्हते. श्वासाला डिझेलचा वास येत होता.

त्या वासाशी मी सगळा संसार भांडले. त्यांची आमच्या गोरेगावातून हिंगोलीला जाणारी सवारीची जीप. घरी आले की आधी वास आत यायचा, मग ते. त्यांचे कपडे मी वेगळे भिजवायचे, सोडा टाकायचे, दगडावर आपटायचे. वास जायचा नाही. मी म्हणायचे, "तुमच्या अंगाला पंपाचा वास येतो." ते म्हणायचे, "मंग पंपावरच निजायला जातो. तिथं भांडत तरी न्हाई कोणी."

आता लेकाने बॅटरीची रिक्षा घेतली आहे. मोबाइलसारखी चार्जिंगला लावतो. धूर नाही, वास नाही, चांगली आहे. पण ती दारात येऊन उभी राहिली तरी मला कळत नाही. जीप ओढ्याचा चढ चढताना गियर बदलायची, तो आवाज आला की मी तवा ठेवायचे. ते हातपाय धुईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. लेकाला थंड भाकरी मिळते. तो तशीच खातो, पण मला ते आवडत नाही.

बाजारात उभ्या ट्रकजवळ माझा पाय रेंगाळतो. सून म्हणते, "आत्याबाई, धुरात काहून उभ्या राहिल्या?" मी म्हणते, "दम खाऊन राहिले." त्यांचा शेवटचा शर्ट मी धुऊन टाकला होता. घाण होता, धुवायलाच पाहिजे होता. आता वाटतं, राहिला असता पडून तर काय बिघडलं असतं.

तर त्या दिवशी मी बहिणीकडे निघाले होते, म्हणून जीपमध्ये होते. पिशवीत तिच्यासाठी गूळ होता. वाटेत पुलाजवळ हा ट्रॅक्टर उभा दिसला, मागे हळदीच्या पोत्यांची ट्रॉली. डिझेल संपलं होतं. त्याने हात केला, यांनी जीप थांबवली. डिझेल मागितलं की द्यायचं, हा ड्रायव्हर लोकांचा नियम. दुसरा नियम असा, की ज्याला दिलं त्याची गाडी चालू झाल्याशिवाय आपण हलायचं नाही. ते म्हणायचे, ताट वाढायचं आणि पाहुणा जेवायच्या आत निघून जायचं, असं असतं का?

जीपच्या टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायची, डिझेल वर आलं की नळी अंगठ्याने दाबून डब्यात सोडायची. हे त्यांनी जन्मभर केलं होतं. त्या दिवशीही ते तशीच ओढत होते, तेव्हा पुढच्या सीटवरचा एक म्हातारा ओरडला, "ओ ड्रायवर, न्याहारी करून राहिले व्हय? आमाला बी घोटभर ठेवा!"

सगळे हसले. यांनाही हसू आलं. नळी तोंडात होती.

ठसका लागला तो थांबेना. डोळे लाल झाले. सवाऱ्या खाली उतरून औषधं सांगू लागल्या. एक बाई म्हणाली, ताक पाजा. दुसरी म्हणाली, कांदा फोडून हुंगवा. म्हातारा म्हणाला, मीठपाणी पाजून ओकू द्या. हे हात हलवत म्हणाले, "काही न्हाई. गूळ दे. गुळानं डिझेल मरतं."

सगळे ड्रायव्हर हेच करतात. गुळाने जिभेवरची चव मरते, बाकी काही मरत नाही. ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी खडा फोडून दिला.

ते लिंबाखाली बसले. खोकला वाढतच होता. मी म्हटलं, "दवाखान्यात चला."

"काहून? एवढ्याशानं?"

"छाती वाजून राहिली तुमची."

"त्याचं चालू होऊ दे आधी."

ट्रॅक्टर चालू होत नव्हता. टाकी पूर्ण कोरडी झाली होती, इंजिनाच्या नळीत हवा शिरली होती. नुसतं डिझेल ओतून इंजिन उचलत नाही, आधी ती हवा काढावी लागते. ट्रॅक्टरवाला घामाघूम होऊन बोल्ट ढिले करत होता, पुन्हा आवळत होता. सवाऱ्या कुरकुरत होत्या. हे बसल्या जागेवरून त्याला सांगत होते, आणखी ढिला कर, फेस येऊ दे. मग सांगायचे थांबले. मी पाहिलं तर ओठांचा रंग गेला होता.

ट्रॅक्टरवाल्याने पाना टाकला, भरलेली ट्रॉली रस्त्यावर सोडली आणि जीपची चावी घेतली.

हिंगोलीत डॉक्टर म्हणाले, डिझेल फुप्फुसात गेलंय. तोंडाला नळी लावली, या खेपेला हवेची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून हाताने चावी फिरवल्यासारखं केलं, आणि पुन्हा केलं. मला वाटलं, जीपचं विचारतायत. ट्रॅक्टरवाला दाराशी उभा होता, त्याला बराबर समजलं.

"झाला काका, चालू झाला," तो म्हणाला. "हळद बी पोचली."

ट्रॅक्टर तिथेच पुलाजवळ उभा होता.

दुपारी ते गेले. ज्याला डिझेल दिलं तो ट्रॅक्टरवाला आहे, ज्याने हसवलं तो म्हाताराही बरीच वर्षं होता. आणि गूळ देणारी मी आहे.