नववा खांब

सिताराम शेलारविषयी लिहायला मला खरं तर तोंड नाही. तरी लिहितोय, कारण आमच्या सेक्टरमध्ये त्याची एकच गोष्ट सांगतात, आणि ती खोटी आहे.

सिताराम जावळीकडचा. कांदा-बटाटा मार्केट वाशीला आलं, त्याच्या पाठोपाठ तोही आला आणि पाठीवर गोणी वाहायला लागला. चाळिशीत कंबर गेली. मग फळांच्या पेट्या ठोकता ठोकता सुतारकी शिकला, आणि त्यातून मंडपाच्या कामात शिरला. गणपतीच्या आधी दोन महिने या माणसाला जेवायला फुरसत नसे. उरलेले दहा महिने तुर्भ्याच्या नाक्यावर, कुणी काम देतंय का बघत उभा. त्याची बायको राजाबाई चार घरची धुणीभांडी करायची, त्यावर घर चालायचं.

मी नंदकिशोर, सेक्टरच्या गणपती मंडळाचा देखावाप्रमुख. ऑफिसात मला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून असेल, मंडळात मी भलताच ताठ असायचो. चौऱ्याण्णव साली मला सुचलं, दरवर्षी काय ते महाल आणि मंदिरं, यंदा रशियातलं थिएटर करू! आमच्या लहानपणी घरी गुळगुळीत कागदाचं रशियन मासिक यायचं, पुस्तकांना कव्हरं घालायला त्याची पानं झकास. त्यातलं एक पान मी जपून ठेवलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचं भलंमोठं नाट्यगृह. समोर ओळीत आठ पांढरे खांब, त्यांच्या डोक्यावर त्रिकोणी माथा, आणि अगदी वर चार घोड्यांचा रथ.

सितारामने ते पान नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिलं.

"खांब सरळसोट न्हाईत साहेब," तो म्हणाला. "खाली जाड, वर जात जरा बारीक. म्हनून येवढं ओझं डोक्यावर असून अवघडल्यागत दिसत न्हाईत."

ते चित्र माझ्याकडे पंधरा वर्षं होतं. मला हे कधी दिसलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागच आला.

म्हणून असेल, मी म्हणालो, "पण आठ नको. बाप्पाच्या कामात जोडीचा आकडा कशाला? दूर्वा एकवीस, मोदक एकवीस, आणि खांब आठ? नऊ कर."

"साहेब, आठात मधी वाट पडती. नवात मधी खांब येतो. मग आत जायाचं कुठनं?"

"आत जायचंय कुणाला? देखावा आहे हा. चित्र मी आणलंय ना? मग नऊ म्हणजे नऊ!"

त्याने मान खाजवली आणि "बरं" म्हणाला.

काम मात्र काय केलं त्याने! बांबूचे सांगाडे, वर गोणपाट, त्यावर प्लॅस्टर. प्रत्येक खांब वर जाताना बोटभर बोटभर निमुळता. खांबांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना जिलबीसारखी वळणं, तीसुद्धा हाताने काढलेली. थर्माकोलचे घोडे तेवढे जरा खिल्लारी बैलांच्या वळणावर गेले. पण ते सोडा, संध्याकाळच्या दिव्यात ते पांढरं तोंड बघून वैशाली, म्हणजे आमची बायको, रस्त्यातच उभी राहिली होती.

सितारामला या देखाव्यातून मोठी आशा होती. त्या वर्षांत नव्या बिल्डिंगच्या दारात असे विलायती खांब लावायचं खूळच निघालं होतं. उदयसिंह जाधवराव नावाचा एक बिल्डर पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला येणार होता. काम आवडलं तर नेरूळच्या तीन बिल्डिंगींची प्रवेशद्वारं सितारामला देणार होता. "तीन वर्सं नाक्यावर हुबं ऱ्हायला नको, साहेब," हे त्याने मला तीनदा सांगितलं.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती मधोमध बसवली, पडदा सरकवला, आणि मधला खांब, माझा तो वाढवलेला नववा, बरोबर बाप्पाच्या सोंडेपुढे! मंडप रिकामा होता तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पोरंटोरं हसायला लागली, "बाप्पा लपाछपी खेळतायत!" खांब काढावा तर वरचा त्रिकोण त्याच्यावर टेकलेला. शेवटी मूर्ती दोन हात डावीकडे सरकवली. एवढ्या डौलदार इमारतीत देव कोपऱ्यात बसल्यासारखा दिसायला लागला.

संध्याकाळी आरती झाली. जाधवराव समोर उभा राहिला आणि म्हणाला, "काम सफाईदार आहे. पण मधोमध खांब? ही अक्कल कुणाची?"

अख्खं मंडळ माझ्याकडे बघत होतं. अध्यक्ष रावसाहेब, वैशाली, सगळे.

"याची," मी सितारामकडे बोट केलं. "मी आठ सांगितले होते. ऐकेल तर शपथ!"

सितारामने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाला, "चुकलं साहेब."

घरी जाताना वैशालीने विचारलं, "खरंच त्याची चूक होती?" मी तिच्यावर खेकसलो.

जाधवरावने काम ठाण्याच्या कुणाला तरी दिलं. ते कळलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला सितारामच्या खोलीवर गेलो. त्याने गडबडीने चटई अंथरली. मी बसलोच नाही. म्हणालो, "सिताराम, मी खोटं बोललो. तुझं वाटोळं केलं मी. मला माफ कर."

तोच बिचारा ओशाळला. "जाऊ द्या साहेब, व्हतं असं."

राजाबाईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "आमास्नी काय सांगताय? आमास्नी ठावंच हाय की. जिथं बोललासा, तिथं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "मंडळाच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर सांगतो. शब्द देतो."

पुढच्या जूनमध्ये मीटिंग झाली. काय बोलायचं ते मी आठ दिवस घोकलं होतं. रावसाहेबांनी सुरुवातच केली, "यंदा तो सिताराम नको बुवा. त्याला आठपर्यंत मोजता येत नाही." सगळे खो खो हसले. मी उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकला. पण उठून सांगायचं म्हणजे इतके महिने ते खोटं तसंच चालू दिलं तेही सांगायचं, आणि तेही या हसणाऱ्या तोंडांसमोर. मी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"नवा माणूस बघायचा, कबूल असेल त्यांनी हात वर करा," रावसाहेब म्हणाले. भराभर हात वर गेले. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"नंदूभाऊ, तुमचं काय?"

मी हात वर केला.