पांढरा वाढा की

पुण्याहून कोल्हापूरला थाई जेवायला जाणारी मी बहुधा पहिलीच बाई असेन. लोक कोल्हापूरला अंबाबाईला जातात, चपला आणायला जातात, मटण खायला जातात. मी दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एसटीत बसले ती चुलतभावाच्या हातचं बँकॉक चाखायला. शेजारच्या बाईंनी कुठे निघालात म्हणून विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

भावाची, म्हणजे विलासदादाची, ओळख करून द्यायला हवी. एका मराठी ट्रॅव्हल कंपनीचा आचारी म्हणून तो कित्येक वर्षं बँकॉकला होता. आपली माणसं एवढे पैसे मोजून विमानाने परदेशी जातात आणि उतरल्या उतरल्या वरणभाताची चौकशी करतात. त्यांची आबाळ होऊ नये म्हणून दादा तिथे पिठलं, आमटी आणि सणासुदीला पुरणपोळी रांधत असे. संध्याकाळी मोकळा झाला की रस्त्यावरच्या गाड्यांपाशी उभा राहून तिथल्या बायकांकडून तिथलं जेवण शिके. वर्षातून एक महिना घरी यायचा. शेवटी नोकरी सोडून कायमचा परत आला आणि मंगळवार पेठेत गाळा घेऊन ‘हॉटेल बँकॉक’ उघडून बसला. बँकॉकात मराठी वाढणारा माणूस कोल्हापुरात येऊन थाई वाढू लागला. आमच्या घराण्यात याला दूरदृष्टी म्हणतात.

हॉटेल अर्थातच चालेना. तशात कंपनीचा निरोप आला: सोमवारी सकाळी फोन करू, येत असलात तर या, नाहीतर दुसरा आचारी बघतो. मंगलवहिनीने मला फोनवर एवढंच सांगितलं, “वन्सं, तुम्ही एकदा येऊन बघा. हे परत गेले तर आता मला सोसायचं न्हाय.” वहिनी तक्रार करणाऱ्यांतली नाही, म्हणून मी शनिवार आणि सोमवारची सुट्टी टाकली.

स्टँडवर रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव सांगितलं. त्याने मला आरशात नीट न्याहाळलं आणि आपुलकीने विचारलं, “आन् तितं खाऊन झाल्यावर जेवायला कुठं सोडू?”

हॉटेलच्या पाटीवर एक थाई नर्तकी रंगवली होती. पेंटरने तिच्या गळ्यात न चुकता कोल्हापुरी साज घातला होता. शेजारीच मुरगूडच्या एका गृहस्थांची चायनीजची गाडी होती आणि तिथे उभं राहायला जागा नव्हती. आत दादाच्या हॉटेलात मात्र ऐसपैस शांतता होती. काउंटरवर अंबाबाईची तसबीर, उदबत्ती आणि त्यांच्या शेजारी दादाचा पासपोर्ट. तो तिथे का ठेवलाय हे कुणी विचारत नव्हतं. वहिनी काउंटर पुसताना त्याच्या भोवतीनं फडकं फिरवत होती.

मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. ते डुगडुगत होतं, त्यामुळे दादाने आणलेल्या तोम खाचा (नारळाच्या दुधातलं कोंबडीचं सूप, त्यात गवती चहा आणि तिकडचं आलं असतं) पहिला हप्ता माझ्या साडीने घेतला. उरलेलं मी प्यायले. मला खोड काढायची सवय आहे, पण ते सूप इतकं सुरेख होतं की मी गप्प बसले. आंबट, तिखट, गोडसर, आणि वास तर घसा उघडणारा. या माणसाने परत जाऊन पिठलं ढवळत बसावं या कल्पनेने मला खरोखर वाईट वाटलं.

त्या सुपात एकच दोष होता. ते पांढरं होतं.

कोल्हापुरात वाटीतून येणाऱ्या पांढऱ्या, पातळ, नारळ घातलेल्या पदार्थाला एकच नाव आहे: पांढरा रस्सा. तो कुणी विकत घेत नाही. ताटाबरोबर तो येतो, आणि वाटीवर आडवा हात धरेपर्यंत येतच राहतो. त्या रात्री कुरुंदवाडचं एक कुटुंब आलं. करी-भात मागवला, सूप मिटक्या मारत संपवलं आणि वाट्या पुढे केल्या. दादाने जाऊन समजावलं की दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे पडतील. घरातल्या कर्त्या पुरुषाचा चेहरा असा झाला की जणू लग्नाच्या पंगतीतून उठवलंय. “पावणं,” तो म्हणाला, “पांढऱ्याचं पैसं घेता व्हय?” बिल चुकतं करून ते सगळे उठले आणि बाहेर चायनीजच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

“ह्यो रस्सा न्हाय, सूप हाय,” दादा मला सांगत राहिला. हे तो रोजच कुणाला तरी सांगत होता.

मी पुण्याची. जगातला कुठलाही प्रश्न पाटी लावून सुटतो अशी आमची श्रद्धा आहे. रविवारी सकाळी मी स्वहस्ते पाटी लिहिली: ‘हे सूप आहे. रस्सा नव्हे. पुन्हा मागू नये.’ दुपारी लोक दारापर्यंत येत, पाटी मोठ्याने वाचत आणि शेजारी चायनीज खायला जात. मुरगूडकरांनी माझे आभार मानले नाहीत एवढंच. वहिनीने पाटी उतरवली आणि तिच्यावर कांदे चिरले.

संध्याकाळी पेठेच्या फुटबॉल संघाने सामना जिंकला. रविवार असल्याने सगळ्या खानावळी भरलेल्या, म्हणून मातीने माखलेले ते डझनभर गडी नाइलाजाने आमच्याकडे शिरले. पहिल्या वाट्या आल्या तशा संपल्या. एकाने गवती चहाची काडी बोटात धरून, चहाचं पातेलं धुतलं नव्हतं का, अशी चौकशी केली. मग त्यांचा कप्तान आत वळून ओरडला, “मालक, पांढरा वाढा की.”

दादा हात पुसत बाहेर आला. आता तो काय सांगणार हे मला पाठ होतं. एवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आली. पदर खोचलेला, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात ओगराळं (उभ्या दांड्याचा खोल डाव). “व्हा बाजूला, मी वाढतो,” ती म्हणाली. इकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात.

“अगं, सूप हाय त्ये,” दादा म्हणाला.

वहिनी थांबली. आवाज चढवला नाही. “तितं आल्यागेल्यास्नी आमटी मागंल तेवढी वाढत हुतासा. तवा मोजली न्हाय. मग हितंच का मोजताय?”

कप्तानाने वाटी पुढे धरली होती ती तशीच राहिली. दादा बायकोकडे बघत होता, मग त्याने काउंटरकडे पाहिलं. त्याने तिच्या हातातलं पातेलं घेतलं तेव्हा मला वाटलं, हा आता ते आत नेऊन ठेवणार. तो कप्तानाकडे वळला आणि त्याची वाटी काठोकाठ भरली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. पातेलं संपलं तसा आत जाऊन नारळ फोडायला बसला. तांबडा हाय का, अशी हाक आली, तेव्हा लाल करी बाहेर गेली आणि तांबडा म्हणून नांदली. दादाने तो अपमान गिळला. सगळे वाटीवर आडवा हात धरून उठले. बाहेर पडताना कप्तान म्हणाला की पुढच्या रविवारी जिंकलो तरी येतो, हरलो तरी येतो.

सोमवारी सकाळी दादाने फोन घेतला तेव्हा मी बॅग भरत होते. “दुसरा बघा,” एवढंच ऐकू आलं. निघण्यापूर्वी खिडकीजवळच्या टेबलावर चहा प्यायला बसले, आणि चहा सांडला नाही. टेबल जागचं हलेना, म्हणून खाली वाकून पाहिलं. आखूड पायाखाली निळ्या पुठ्ठ्याचा पासपोर्ट होता.

“डुगडुगत हुतं न्हवं?” वहिनी म्हणाली आणि तिने काउंटर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पुसून काढला.

पुण्यात ऑफिसात सगळ्यांनी मटणाचीच चौकशी केली. थाई खाऊन आले म्हटल्यावर मला सहानुभूती मिळाली, आणि तीच मंडळी पुढच्या शनिवारी मला डेक्कनवरच्या थाई रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेली. मंद दिवे, पाण्यात तरंगणारी फुलं, आणि तळहाताएवढ्या वाडग्यात तेच सूप. माझं दोन घोटांत संपलं. वेटरला म्हटलं, अजून वाढा. त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं की पुन्हा ऑर्डर द्यावी लागेल. टेबल मात्र भक्कम होतं. मी खाली वाकून पाहिलं. पायाखाली कुणाचंच काही नव्हतं.