दूध न चिकटणारा पेला

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि गोष्ट तिच्याच लग्नाची आहे.

सत्तरच्या दशकात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होतो. शरीरात घालायच्या प्लास्टिकच्या नळीला रक्तातली प्रथिनं चिकटतात, त्यावर रक्त गोठतं. ती चिकटूच नयेत, हा आमचा उद्योग. काचेच्या भांड्यातली हवा जवळजवळ सगळी काढायची आणि उरलेल्या विरळ वायूत वीज सोडायची. आत जांभळा उजेड पडतो, तोच प्लाझ्मा. त्यात ठेवलेल्या प्लास्टिकचा अगदी वरचा, केसाहून कितीतरी पातळ थर बदलतो. आमच्या धाड गावात मात्र बातमी होती की पोरगा प्लास्टिकला शेक देतो.

मुलीकडचे घर बघायला यायचे होते. मुलीचे वडील जळगाव जामोदकडचे बागाईतदार. त्यांनी आधीच विचारलं होतं, "शेक देते म्हणजे कायचा धंदा?" म्हटलं, करूनच दाखवू. प्लास्टिकचे दोन पेले आणले: एक जांभळ्या उजेडातून काढलेला, एक साधा. दोन्हींत दूध ठेवायचं, ओतून द्यायचं, पाण्यानं विसळायचं. साध्याला पांढुरका पापुद्रा राहतो, माझा लख्ख निघतो.

पाहुण्यांसमोर दूध ओतलं, विसळलं. दोन्ही पेले सारखेच पांढरे.

मुलीच्या वडिलांनी ते दारातल्या उजेडात धरले. "यातला शिकलेला कोनता?"

बैठक खदखदून हसली. मी आईकडे वळलो, "पेल्यांना काही केलंस का?"

"काई नाई रे. सकाळी राखेनं घासले फक्त. नवं भांडं पाहुण्याईपुढं तसंच ठेवू काय?"

"माझी सगळी मेहनत चुलीच्या राखेनं घासून काढलीस!" मी चारचौघांत ओरडलो. आईचं तोंड एवढंसं झालं.

तशी मुलीची आत्या सरसावली. "तिले काऊन बोलून राह्यले तुमी? नवं भांडं घासल्याबिगर वापरते ते काय बाई हाये? दादा, पोराचं मले काई समजलं नाई, पन सासू पक्की हाये. देऊन टाका पोरगी."

"हाव," वडिलांनी पेला खाली ठेवला, "पोराचं मंग पाहू."

असं माझं लग्न राखेवर जमलं.

आता खरं सांगतो. आदल्या दिवशी मलकापूर स्टेशनावर उतरलो, धीर धरवेना, म्हणून कँटीनचं दूध घेऊन माझा पेला तपासला होता. पापुद्रा राहिला होता. असं होतं, काही दिवसांनी बदललेला थर विरतो आणि प्लास्टिक मूळ स्वभावावर येतं. हे मला ठाऊक होतं. तरी आशेवर घरी नेला. आईनं 'राख' म्हटलं तेव्हा मला राग आलाच नव्हता, हायसं वाटलं होतं. ओरडलो तो त्याच आनंदात.

आईनं मात्र ते जन्मभराचं मनावर घेतलं. पुढं घरात आलेल्या एकाही प्लास्टिकला तिनं राख लागू दिली नाही. बादल्या शेवाळल्या, मोरीतला मग मूळचा कुठल्या रंगाचा होता ते कुणाला आठवेना. सून घासायला बसली की ही धावत यायची, "राहू दे बाई! त्याच्यावर यानं काई केलेलं असंन."

बायको हसायची. मी शेजारी चहा पीत बसलेलो. 'घासू दे गं आई, काही केलेलं नाही,' एवढं म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही.