जनावरं पाण्यात हायेत

माझं जे काही बरं झालं, ते माझ्या थोरल्या आत्यामुळं झालं. आणि आफ्रिकेतल्या जनावरांची तिच्याइतकी काळजी करणारं माणूस नगर जिल्ह्यात तरी दुसरं नसावं. आफ्रिकेत असेल की नाही, याचीही मला शंका आहे.

पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवरची बहुतेक माणसं दिवाळीच्या सुमारास श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. आत्याचा नवरा लवकर गेला, तिचा कोयता मोडला. तेव्हापासून ती वस्तीवर मागं राहते आणि शाळेत जाणारी सगळ्यांची पोरं सांभाळते. मी त्यांतलाच एक. तिला अक्षरओळख नाही, पण आम्ही अभ्यासाला बसलो की समोर बसायची आणि म्हणायची, “मोठ्यानं वाच, मला ऐकू येत न्हाई.” कान असे तिखट, की पलीकडच्या वस्तीवर कुणी पातेल्यावर झाकण ठेवलं तरी तिला कळायचं. एखादी ओळ गाळली की विचारायची, “मधी काय गिळलंस?” या एका प्रश्नाच्या धाकानं मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला.

वस्तीवर टीव्ही आला आणि त्यावर एकदा आफ्रिकेतल्या विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडताना दिसले. आत्यानं त्यांचं नाव ‘दाढीवाली म्हसरं’ ठेवलं आणि ती कायमची तिची झाली. तिची पहिली तक्रार गुराख्याबद्दल होती. “येवढी जनावरं, अन् राखायला येक मानूस न्हाई? ह्यो हिंदीत बोलतोय त्यो तरी काठी घिऊन म्होरं का व्हईना?” मगर दिसली की ती टीव्ही बंद करायची. आम्ही पोरं काळ्या पडद्याकडं बघत बसायचो. “आता मगरीला दिसत न्हाई,” असं ती शांतपणे सांगायची आणि जनावरं पलीकडं पोचली असतील असा अंदाज बांधून पुन्हा लावायची. तोवर साबणाची जाहिरात सुरू झालेली असायची.

माणूस गावाला निघालं की लगेच घर झाडायचं नाही, ही पद्धत आपल्याकडं सगळीकडं आहे. आत्यानं ती आफ्रिकेलाही लावली. शेजारची काकू एकदा सहज अंगण झाडत होती, तर आत्या आतून ओरडली, “झाडू ठिव गं. जनावरं पाण्यात हायेत.” काकूनं डोक्याला हात लावला, “पाण्यात हायेत ती तिकडं, धूळ हाय माझ्या दारात!” पण झाडू ठेवला. आत्यापुढं कुणाचं चालत नाही.

पुढं मला पुण्यात एका सहल कंपनीत नोकरी लागली आणि प्रवाशांना घेऊन केनियाला जायचं काम आलं. मी ठरवलं, ही जनावरं जी ओलांडतात ती मारा नदी आत्याला दाखवायचीच. ऊसतोड सुरू व्हायच्या आधीचे दिवस, म्हणजे तिलाही मोकळीक. पासपोर्टसाठी तिला पुण्याला नेलं. बाहेर आल्यावर ती नाराज होती. “फोटोत हसू नका म्हनाली ती बाई. हसायचंच न्हाई, तर मानसं जात्यात कशाला तिकडं?” सामानात तिनं शेंगदाण्याची चटणी बांधली आणि एका फडक्यात सरकीची पेंड. विमानात जनावरांचं खाद्य नेऊ देत नाहीत, असं मी सांगितलं, तर म्हणाली, “जनावराच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ का?”

निघायच्या आदल्या आठवड्यात वस्तीवरचं एक तरुण जोडपं वेळेआधीच कामावर गेलं. त्यांची लहान मुलगी आत्याकडं राहिली. मी आत्याला न्यायला गेलो, तेव्हा पोर तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली होती आणि बॅग परत उकललेली होती.

“आत्या, तिकीट काढलंय.”

“व्हय. पर ही दुसऱ्याच्या हातानं जेवत न्हाई.”

“काकू बघेल. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.”

“तिला दिस कळत्यात व्हय रं? तिला येवढंच कळतं, की मानूस गेलं.”

तिनं नवं लुगडं ट्रंकेत ठेवलं, त्यावरून दोनदा हात फिरवला आणि झाकण लावलं. मग म्हणाली, “तू जा. माझ्यासाठी येक कर. मागं राहिलेल्या पिल्लाची माय परत येती का, तेवढं बघ. टीवीवाला नेमका तिथंच जाहिरात लावतो. अन् फोन करू नगं, कागूद धाड. पोरांना वाचाय व्हतंय.”

जीपमधली तिची जागा रिकामीच राहिली. प्रवाशांनी तिथं पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. इतक्या लांबवर आलेला आमच्या वस्तीचा मी पहिलाच, आणि सारखं वाटत होतं की इथं चुकीचं माणूस येऊन बसलं आहे. मुक्कामावरून मी तिला हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

काल जनावरं नदीत उतरली. आधी बराच वेळ काठावर नुसती उभी होती. पुढं यायची, पाणी हुंगायची, मागं फिरायची. मग एक उतरलं आणि त्याच्यामागं सगळी. आवाज टीव्हीतल्यासारखा नसतो. अख्ख्या बाजारातली गुरं एकदम ओरडावीत तसा असतो, आणि त्यात पिल्लांचा बारीक आवाज वेगळा कळतो.

कळप पलीकडं गेला, एक पिल्लू अलीकडं राहिलं. आमची माणसं जेवायला चला म्हणत होती. मी गाडी हलू दिली नाही, तेव्हा रागावली. खूप वेळानं पलीकडून एक मादी पुन्हा पाण्यात उतरली. एकटीच. ती आली, आत्या. अलीकडच्या काठावर चढली. पण तेवढ्यात मागून दुसरा कळप आला आणि धुळीत काही दिसेना. ती त्याचीच माय होती का, दोघांची भेट झाली का, मला सांगता येणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत नाही.

एवढं मात्र नीट पाहिलं. ती येईपर्यंत पिल्लाशेजारी एक म्हातारं जनावर उभं होतं. त्याला पलीकडं जायला कुणी अडवलं नव्हतं. ते का थांबलं, हे इथल्या गाइडलाही सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी ये. पोरीला घेऊनच ये. तिचाही पासपोर्ट काढू.