ऐनाच्या झाडावरचा आवाज

काशा तीस फूट वर होता आणि त्याला पाय कुठे टाकायचा ते दिसत नव्हतं.

"आये, मला दिसं नाय."

"मस्करी पुरे," मी खालून म्हणाले. "उतर, भाकर खायची हाय."

"आये, खरंच नाय दिसत! जिथं बघतो तिथंच धुकं..."

आवाजावरून मला कळलं, ही मस्करी नाही. त्याने कोयता टाकला आणि खोडाला मिठी मारली.

२००३ साल, होळीच्या आधीचे दिवस, सकाळचे दहा. मोखाडा तालुक्यात खोडाळ्याच्या वरच्या अंगाला आमची वरकस, म्हणजे डोंगरउताराची, जमीन आहे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही पालापाचोळा जाळतो, त्याला राब म्हणतात. त्यासाठी काशा, माझा बावीस वर्षांचा मुलगा, ऐनाचं झाड छाटत होता. चढताना खालच्या फांद्या तोडायच्या, पण उतरायला हातभर खुंट ठेवायचे, अशी रीत. चुलीला लाकूड होईल म्हणून एका बाजूचे खुंट मीच त्याला खोडालगत कापायला लावले होते.

खुंट उरले होते ते त्याच्या डाव्या बाजूला. मी खोडाच्या पलीकडे, त्याच्या समोर उभी. माझ्या उजव्या हाताला खुंट दिसत होते, म्हणून मी ओरडले, "उजवा पाय टाक! उजवा!"

चूक होती. तिथे काहीच नव्हतं. काशाने डावा टाकला. मी पुन्हा उजवाच म्हणाले, त्याने पुन्हा डावाच टाकला. असं करत करत खाली आला आणि बसला.

"माझं ऐकलं का नाहीस रे?"

"तुझं कुठं? तो बाप्या सांगत व्हता ना... भाच्या, पायाने बघ, डावा टाक, म्हणून. कोण व्हता?"

माळ पार रस्त्यापर्यंत उघडा होता. आम्हा दोघांशिवाय माणूस नव्हता. आणि मी तर कुणाचा आवाज ऐकलाच नाही.

मी चौथी शिकलेली बाई. भूतखेत, देव अंगात येणं, कधी मानलं नाही. माझा भाऊ सोमा विशीत आंधळा झाला तेव्हा भगताने कोंबडी मागितली, मी त्याला दारातून हाकललं होतं. सोमा तसाच झाडांवर चढायचा. "पायाने बघतो," म्हणायचा. काशा जन्मायच्या आधी तो तापाने गेला. त्याचं हे बोलणं मी घरात कधी काढलं नव्हतं.

काशाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एक डोळा महिनाभर आधीच अधू झाला होता, त्याने लपवलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "शरीराच्या पेशीपेशीत ताकद तयार करणारे बारीक भाग असतात, ते आईकडूनच येतात. त्यांतच दोष आहे, म्हणून डोळ्याची नस सुकली. तुमच्या भावालाही तेच झालं असणार."

"म्हणजे माझ्याकडून आलं."

"आलं तुमच्याकडून. पण तुम्ही काही केलं नाहीत, आजी."

औषध नव्हतं. रडून काय होणार? परत येताना थेट मुलीच्या घरी गेले, सगळं सांगितलं. तिच्याकडून तिच्या पोरांना हे जाऊ शकतं. जावई तोंड पाडून बसला. म्हटलं, "तोंड नंतर पाडा. डॉक्टरणीने सांगितलंय, पोरांना तंबाखू, दारू शिवू द्यायची नाही. आधी तुमची पुडी बाहेर टाका." टाकली त्याने.

डोळ्यांचं कारण मला कळलं. आवाजाचं आजतागायत नाही...

काशाला मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्या झाडावरून तो जिवंत उतरला. तो अजून आहे.