कुंदाताईंनी थांबवलेली सुनावणी

कुंदाताई वडनेरकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात. त्या हिंदीभाषक जिल्ह्यातल्या खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्ष, आणि मी नुकताच नेमला गेलेला सचिव. कपाटांतून काढलेले खाणींचे नकाशे त्यांनी उन्हात पसरून ठेवले होते. मी नमस्कार केला, नाव सांगितलं.

“अच्छा, मराठी! चलो, मग हा नकाशा वाचून सांगा बरं.”

मी बराच वेळ नकाशाकडे बघत राहिलो. नदी कुठली आणि रस्ता कुठला, हेच उमगेना.

“उलटा धरून राहिले तुम्ही,” ताई शांतपणे म्हणाल्या. “असू द्या. तुम्ही शिकलेले, तरी हे असं. मग ज्यांच्या शेताला लागून खाण आहे त्यांना काय समजत असेल?”

ताईंच्या सगळ्या कामाचं मूळ त्या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. तोवर खाणीची हद्द कुठवर, खोली किती, ठेका कोणाचा, हे ठाऊक असायचं ते कचेरीला आणि खाणवाल्यांना. ताईंनी आग्रह धरला, की समितीपुढे कुठल्याही तक्रारीची सुनावणी होण्याआधी त्या खाणीचा नकाशा त्या गावात, शाळेच्या भिंतीवर, ठळक रंगात काढला गेला पाहिजे. आमचे सहकारी हसले. ताईंनी पेंटर बोलावला.

इथवर सगळं सरळ आहे. यापुढची हकीकत मात्र मी इतक्या वर्षांत कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिली आहे, आणि अजूनही माझा गोंधळ संपलेला नाही.

बरगीच्या बाजूच्या एका गावात दगडाची खाण होती. सुरुंग उडाला की दगड घरांवर पडत. भिंतीवरच्या नकाशामुळे लोकांना पहिल्यांदा कळलं, की खाण हद्दीचे खांब ओलांडून घरांकडे सरकली आहे. सुनावणीला सारं गाव लोटलं. सर्वांत पुढे बसली होती फूलबाई. तिचं घर खाणीला सर्वांत जवळचं. निकाल गावाच्या बाजूने लागणार याबद्दल कोणाला शंका नव्हती.

ताईंनी विचारलं, “खाणमालक कुठे आहेत?”

ते आले नव्हते. चौकशीत कळलं, की नोटीस त्यांच्या जुन्या पत्त्यावर गेली होती. ताईंनी सुनावणी पुढे ढकलली.

गाव खवळलं. फूलबाई उठून समोर आली. “दीदी, आप हमाई तरफ हो कि उनकी?”

ताई म्हणाल्या, “उनकी बात सुने बिना मैं कुछ नहीं लिखूँगी.”

परतताना जीपमध्ये मी न राहवून विचारलं, “ताई, काहून थांबवली? सगळं तर समोर दिसत होतं.”

“त्यांना ऐकलंच नाही, तर मग आपल्यात आणि नकाशे कोंडून ठेवणाऱ्या त्या बंद कपाटांत फरक काय राह्यला?”

मला ते पटलं. पण निकाल लागेपर्यंत सुरुंग थांबवण्याचा अधिकार समितीला नव्हता. खाण चालूच राहिली. फूलबाईच्या घराची मागची भिंत कोसळली आणि तिची गाभण शेळी त्याखाली मेली. मग ते पटलेलं पुन्हा पटेनासं झालं.

ताईंनी त्यानंतर जे केलं ते तर मला अधिकच कोड्यात टाकणारं होतं. स्वतःच्या खर्चाने गवंडी आणून त्यांनी ती भिंत बांधून दिली. पुढच्या सुरुंगाच्या दिवशी फूलबाईच्या अंगणात जाऊन बसल्या. मी म्हटलं, “ताई, अध्यक्षांनी असं एका पक्षाच्या घरी बसलेलं बरं दिसत नाही.” त्यावर त्यांनी काय करावं? खाणमालकांना निरोप धाडला: मी इथे बसले आहे, आपणही या.

आणि ते आले! पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला आठ्या. फूलबाईने त्यांच्यासाठीही खाट टाकली, पाणी दिलं. मग सुरुंग उडाला. जमीन हादरली आणि ओसरीच्या पत्र्यावर धडाधड दगड आदळले. खाणमालक दोन्ही हातांनी डोकं झाकून खाटेवरच वाकले होते. ताई तिथेच बसून होत्या.

दुसऱ्या सुनावणीत खाणमालकांचे वकील ठासून सांगू लागले, की दगड वस्तीपर्यंत पोचणं शक्यच नाही. खाणमालकांनी त्यांना हाताने थांबवलं.

“आते हैं पत्थर. मैं वहीं बैठा था.”

हद्दीबाहेरचा भाग कायमचा बंद झाला. खाणमालकांनी त्या निकालाविरुद्ध अपील केलं नाही. लोकांनी ताईंना हार घातले. फूलबाईनेही घातला, पण घालताना तिने जाब विचारला, “दीदी, यही काम पहले दिन काए नईं करो?”

तिचा हात धरून ताई नुसत्या उभ्या राहिल्या.

त्या दिवशी सुनावणी उरकली असती, तर ती शेळी वाचली असती. पण मालकांना न ऐकता दिलेला निकाल टिकला असता का, आणि त्यांच्या तोंडून ते वाक्य कधी निघालं असतं का? एका बाजूने विचार करतो तेव्हा ताई बरोबर वाटतात, दुसऱ्या बाजूने फूलबाई.

ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या लेखासाठी परवा त्यांच्याकडे गेलो आणि धीर करून थेटच विचारलं, “ताई, तेव्हा सुनावणी थांबवली ते बरोबर होतं ना?”

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी त्या तरी ठामपणे काही सांगतील. त्यांनी चष्मा काढला, खिडकीबाहेर पाहिलं.

“काय माहीत, भैया. मी पण अजून विचारच करून राहिले.”

पंच्याहत्तराव्या वर्षी आपल्याच गाजलेल्या निर्णयाची अशी उलटतपासणी करत राहणाऱ्या ताईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. त्यांचा हा विचार लवकर संपू नये, एवढंच मनापासून मागतो.